चेट पिलार्स्की गप्प बसला

"हा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर तोंड बंद ठेवून पडूच शकत नाही," मी म्हटलं. "डॉक्टर पळून जातील."

"लावतेस पैज?" चेट म्हणाला. त्याच्या मिशीला पॉन्चकीची पिठीसाखर लागली होती, आणि ती पॉन्चकी त्याने माझ्याच बशीतून उचलली होती.

"लाव!"

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आमच्या डोंगरावरच्या पोलिश वस्तीत कुणी शहाण्यासारखं वागत नाही. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपवास, शुक्रवारी मटण नाही, म्हणून त्या दिवशी जाम भरलेल्या तळलेल्या पॉन्चक्या फुटेस्तोवर खायच्या. माझ्या सलूनमध्ये सकाळपासून खोक्यांवर खोकी येत होती. केस कापायला कोण आलंय आणि खायला कोण, ते मी विचारणं सोडून दिलं होतं.

चेट केस कापायला कधीच यायचा नाही. कापायला केसच नव्हते. तो बोलायला यायचा. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि ती असून नसल्यासारखी, कारण भिंतीपलीकडे चेट. जन्मभर पिट्सबर्गची सिटी बस चालवली त्याने. बसमध्ये थांब्यांची नावं सांगणारी रेकॉर्ड आली, तर हा पठ्ठ्या तिच्यावरून बोलायला लागला. "बाई म्हणतात पुढचा थांबा लायब्ररी. बाईंना काय माहीत, लायब्ररी आज बंद आहे. स्टेला, बसून राहा." मागे घशाचा कॅन्सर झाला, किरणं मारून बरा झाला. आम्ही म्हणायचो, कॅन्सर स्वतःच कंटाळून गेला, त्याला एक शब्द बोलू देईना हा.

आणि उपवासाच्या दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात फिश फ्राय, म्हणजे तळलेल्या माशांचं जेवण असतं, तिथला माइक चेटचा. तुमच्या ऑर्डरचा नंबर तो पुकारायचा, पण नुसता नंबर नाही. "बासष्ट! दोन मासे, कोबी-नूडल्सची हलुश्की दुप्पट, आणि डाएट कोक. वाल्टर, त्या कोकने काय होणार आहे बाबा?" अख्खं तळघर हसायचं. लोक नदीपलीकडून यायचे ते माशासाठी येतात असं फादर टॅडना वाटायचं. आम्ही त्यांना तसं वाटू देत होतो.

जानेवारीत माझ्याच खुर्चीत बसून बोलता बोलता चेटच्या डाव्या डोळ्यापुढे दुकानाचं शटर ओढल्यासारखा अंधार आला. "रॉनी, तुझं अर्धं दुकान गेलं बघ," असं म्हणून तो पुढे बोलतच राहिला. थोड्या वेळाने दिसायला लागलं. मला वाटलं, नेहमीची थट्टा. त्याच्या बायकोला, आयरीनला, तसं वाटलं नाही. तिने त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेला. मानेतली डावी रक्तवाहिनी आतून जवळजवळ बुजली होती. तिथला एक कण सुटून डोळ्याकडे गेला होता. पुढचा मेंदूत जाणार. गळ्यावर आधीच किरणं मारलेली, त्यामुळे मान चिरून साफ करणं नको, मांडीतून तार घालून मानेपर्यंत न्यायची आणि त्या अरुंद जागी जाळीची नळी बसवायची असं ठरलं.

"आणि ती बसवताना तिथला कचरा सुटला तर?" मी विचारलं.

हे मी मॉरीनला विचारलं. मॉरीन त्याच ऑपरेशनच्या खोलीत नर्स. त्या मंगळवारी ती माझ्या खुर्चीत केस रंगवायला डोक्यावर चंदेरी फॉइलच्या पट्ट्या लावून बसली होती, पाहुणी आली होती जणू मंगळावरून.

"तुझ्या बेसिनमध्ये ती काय आहे?" तिने हनुवटीने दाखवलं.

"केस अडवायची जाळी."

"तेच. पाणी जातं, केस अडकतात. तशीच एक इवलीशी छत्री असते. मिटलेली आत न्यायची, अरुंद जागेच्या पुढे, मेंदूच्या बाजूला, आणि तिथे उघडायची. रक्त जातं, कचरा अडकतो. काम झालं की कचऱ्यासकट मिटून बाहेर."

"म्हणजे मी बेसिन," चेट म्हणाला.

"तुंबलेलं," आयरीन ड्रायरखालून म्हणाली.

"चेट, तुला भूल देणार नाहीत," मॉरीन म्हणाली. "जागं ठेवतात. मेंदू ठीक आहे ना ते बघायला अधूनमधून काहीतरी विचारतात, आणि उजव्या हातात एक दाबून वाजवायचं खेळणं देतात. म्हटलं की वाजवायचं. बाकी वेळ बोलायचं नाही, हलायचं नाही. मान हलली की चित्र बिघडतं."

बोलायचं नाही! इथेच ती पैज लागली.

अटी चेटने घातल्या. टेबलावर चढल्यापासून बाहेर येईपर्यंत तोंडातून एक शब्द निघणार नाही. निघाला तर तो हरला. नाही निघाला तर मी हरले. हरणाऱ्याने गुड फ्रायडेला, जेव्हा गर्दी रस्त्यापर्यंत जाते, तेव्हा माशाचं सोंग घालायचं. हे सोंग चर्चचं आहे, फोमचं, हिरवट, एक डोळा लोंबलेला, आणि आत कित्येक वर्षांचा घाम. ते घालून आधी चौकात गाड्यांना हात करायचे, मग तळघरात येऊन माइकवर बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलं. मी हरले तर तीनदा म्हणायचं: "चेट पिलार्स्कीला तोंड बंद ठेवता येतं."

"पण डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर द्यावं लागेल हं," मॉरीन म्हणाली.

"अंगठा दाखवीन."

"अंगठा म्हणजे उत्तर?"

"बाई गं, मी पोलिश आहे. अंगठ्यात मी भाषण करतो."

सगळे हसले. मॉरीनही हसली. "बरं, मी बघते. पंच मीच." फॉइलच्या पट्ट्या खुळखुळल्या.

"तुमची वयं काय, अकला काय," आयरीन म्हणाली, आणि तिने आणखी एक पॉन्चकी घेतली.

मी तेवढ्यावर थांबले नाही. मी कसली थांबतेय? हॉस्पिटलचं खेळणं म्हणजे पिवळं बदक, बापडं चूं करतं. मी कुत्र्यांच्या दुकानातून एक रबरी डुक्कर आणलं, दाबलं की खाटकाकडे नेल्यासारखं किंचाळायचं, आणि मॉरीनच्या पर्समध्ये सरकवलं. तिने दोन दिवस मला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बेनावीडेसना दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, जागा राहील पेशंट.

ऑपरेशनच्या सकाळी बाहेरच्या बाकावर मी आणि आयरीन बसलो होतो. आयरीनच्या हातात जपमाळ, माझ्या हातात तिच्या नवऱ्याचे दात, डबीत. आतून मधूनच, दोन दारांपलीकडून, ते डुक्कर ओरडायचं. एक म्हातारा शेजारी बसला होता, तो दचकून विचारी, "काय चाललंय आत?" मी म्हटलं, "नाश्ता बनवतायत." आयरीनने मला कोपर मारलं, पण ती हसत होती. डुक्कर ओरडलं की दोघींच्या जिवात जीव यायचा. म्हणजे हात चालतोय. म्हणजे मेंदू ठीक आहे.

मग मॉरीन बाहेर आली. टोपी काढत काढतच म्हणाली, "झालं! नळी बसली. छत्रीत हा एवढा पिवळा चुरा अडकला होता, बघायला हवा होता. छत्रीने काम केलं." आयरीनने छातीवर क्रूसाची खूण केली आणि रडायलाच लागली. मॉरीनने माझ्याकडे बोट रोखलं. "आणि तू गं, धुऊन ठेव ते सोंग. एक शब्द बोलला नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, चेट, कसं वाटतंय, तर नुसता अंगठा. डॉक्टर म्हणाल्या, बोल की रे. मी सांगितलं, बोलणार नाही तो, पैज आहे त्याची. सगळी खोली हसली."

मी बाकावरून उडीच मारली. हरण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. आम्ही आत गेलो. चेट खाटेवर, डोकं जरा वर, चेहरा पांढरा, हातात अजून ते डुक्कर.

"हरले!" मी दारातूनच ओरडले. "हरले रे मेल्या! बोल आता, सुटलास. सुनाव मला काय सुनावायचं ते."

चेटने तोंड उघडलं.

मला तो क्षण अजून दिसतो. ओठ हलले. जीभ पुढे आली, मागे गेली. मला वाटलं, ताणतोय, मजा घेतोय. मी म्हटलं, "बास झालं नाटक." त्याने पुन्हा तोंड उघडलं. गळ्यातून नुसता आवाज आला, ओढल्यासारखा. त्याने आयरीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मॉरीनकडे. मॉरीनकडे बघत राहिला. त्याने डुक्कर दाबलं. ते ओरडलं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा, जसं काही त्या डुकराने त्याच्या वतीने सांगावं. आणि मॉरीनच्या हातातली टोपी खाली पडली.

त्यानंतर पळापळ. त्याला पुन्हा आत नेला. बाहेर आम्ही दोघी. आता आतून काही ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर बेनावीडेस आल्या, आमच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. उभ्याने बोलल्या नाहीत, तेव्हाच मला कळलं.

"एक कण निसटला," त्या म्हणाल्या. "मेंदूचा बोलण्याचा भाग असतो, तिथली एक बारीक नस बंद झाली. हाताच्या भागाला धक्का नाही, म्हणून खेळणं वाजत राहिलं. त्याला सगळं समजतंय. शब्द बाहेर येत नाहीयेत."

"पण छत्री?" आयरीन म्हणाली. "छत्री होती ना?"

"होती. तिने अडवलंही पुष्कळ. पण छत्री उघडायच्या आधी मिटलेली त्या अरुंद जागेतून पुढे न्यावी लागते. तेवढ्या वेळात अडवायला काहीच नसतं. बहुतेक तेव्हाच गेला."

"काढता नाही येत?"

"खूप आत आहे. आणि वेळ गेला." डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "लवकर कळलं असतं तर काहीतरी करून बघितलं असतं. जमलंच असतं असं मी सांगू शकत नाही. पण मी विचारलं, त्याने अंगठा दाखवला, आणि मी ते चालवून घेतलं. ते मी चालवून घ्यायला नको होतं."

आयरीनने माझ्याकडे बघितलं नाही. दातांची डबी माझ्या हातातून काढून घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

मग घर. आधी आयरीन माझ्याशी बोलेना. बोलेना म्हणजे भांडेना सुद्धा, जिन्यावर भेटली की "बर्फ आहे, जपून," एवढंच म्हणे, आणि ते शिवीपेक्षा वाईट. मॉरीनने तर सलूनमध्ये यायचंच बंद केलं. रस्त्यात एकदा दिसली, केसांची मुळं पांढरी, दोन बोटं वाढलेली. मला बघून पलीकडे गेली. कामावर सुट्टी टाकलीये असं ऐकलं.

आणि चेट? चेटला एक शब्द परत आला. एकच. गुरुवार. का, ते कुणाला माहीत नाही. बोलायला शिकवणारी बाई यायची, ती म्हणाली, असं होतं, एखादाच शब्द सापडतो आणि तोच पुन्हा पुन्हा येतो. ऑपरेशन गुरुवारी नव्हतं. लग्न गुरुवारी नव्हतं. आम्ही सगळे गुरुवार आठवून बघितले. काही नाही. नुसता गुरुवार.

भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. आयरीन म्हणायची, "पाणी." चेट म्हणायचा, "गुरुवार." आयरीन म्हणायची, "नाही रे राजा, माझ्या ओठांकडे बघ. पा. पा." खूप वेळ काही नाही. मग हळूच, लाजल्यासारखा, "गुरुवार." मी टीव्ही मोठा करायचे. मग वाटायचं, त्यांना वाटेल मी ऐकत नाहीये. बंद करायचे. मग पुन्हा "पा."

तरी तो यायचा. रोज सकाळी दारावरची घंटी वाजायची, चेट त्याच खुर्चीत बसायचा, मी कॉफी द्यायचे. बायका त्याच्याशी ओरडून बोलायच्या, बहिरा असल्यासारखं. तो मला डोळा मारायचा. हसायला येत होतं त्याला, तेवढं राहिलं होतं. म्हणून मी हसवत राहिले. दिवसभर नवीन नवीन काढून ठेवायचे त्याच्यासाठी. साखरेच्या डब्यात मीठ, फादर टॅडच्या टोपीत चुईंगम. तो हसायचा, आणि मग त्यावर काहीतरी टोला हाणायला तोंड उघडायचा. टोला आत तयार असायचा, डोळ्यांत दिसायचा अगदी. आणि बाहेर यायचा गुरुवार. मग तो कॉफीच्या कपाकडे बघत बसायचा. काही दिवसांनी मी हसवणंच कमी केलं. हसणं संपल्यावरचं ते तोंड मला बघवेना.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारी घंटी वाजली आणि दारातून आधी एक हिरवी शेपटी आत आली. चेट माशाचं सोंग फरफटत आणत होता. चर्चपासून चढावर, डोंगराच्या शंभर पायऱ्यांवरून, एकट्याने. मागून आयरीन धापा टाकत.

"सांग ह्याला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "वेड लागलंय. फादरच्या कपाटातून काढलंन."

चेटने ते धूड माझ्या पायाशी टाकलं. आधी माझ्याकडे बोट केलं, मग माशाकडे.

"नाही," मी म्हटलं. "चेट, अरे, ती पैज मोडली."

त्याने माझ्या काउंटरवर मूठ आपटली. कंगवे उडाले. "गुरुवार!"

"कसली पैज?" आयरीन म्हणाली. "लोकांसमोर उभी राहून ही काय बोलणार? चेटला तोंड बंद ठेवता येतं? हसतील लोक? रडतील? मला दोन्ही नकोय." मग तिचा आवाज फुटला. "आणि जिंकलास कशावरून तू? पैजेसाठी गप्प होतास की बोलता येत नव्हतं म्हणून गप्प होतास, कुणाला माहीत? कुणालाच माहीत नाही!"

हेच होतं ते. मी रात्रंदिवस हेच चघळत होते आणि कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

चेटने भिंतीवरच्या फोनकडे बोट केलं. मग डोक्यावर दोन्ही हातांनी पट्ट्या पट्ट्या असल्यासारखं केलं. फॉइल. मॉरीन. पंच.

मी फोन केला. येणार नाही असंच वाटलं होतं. पण आली, कोट घरातल्या झग्यावरच घातलेला. दाराशीच उभी राहिली. चेटकडे बघेना.

"विचार त्याला," आयरीन म्हणाली, "का गप्प होता ते."

"मी सांगते आधी मला काय दिसलं ते," मॉरीन म्हणाली. सलूनच्या फरशीकडे बघून बोलत होती. "पहिल्यांदा विचारलं तेव्हा अंगठा पटकन आला. डोळाही मारलास तू मला. नंतर तार पुढे गेली, छत्री उघडली. मग पुन्हा विचारलं. तेव्हा अंगठा उशिरा आला. डोळा मारला नाहीस. तू माझ्याकडे बघत होतास, चेट. बघतच होतास. मला वाटलं, थकला. मला वाटलं, किती खूश आहे जिंकला म्हणून. आणि मी डॉक्टरांना सांगितलं, पैज आहे त्याची." तिने तोंडावर हात दाबला. "मी रोज ते डोळे बघते. मला एवढंच सांग. दुसऱ्या वेळी तू बोलायला बघत होतास का? मला बोलावत होतास का?"

"नको विचारूस असं," आयरीन हळू म्हणाली.

चेट खुर्चीतून उठला. मॉरीनच्या समोर जाऊन उभा राहिला. तिचं ते पांढऱ्या मुळांचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याने वर केलं, तिला आपल्याकडे बघायला लावलं, आणि मान हलवली. नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे, स्वच्छ, लहान मुलाला समजावं तशी. मग स्वतःच्या ओठांवर चेन ओढल्याची खूण केली, कुलूप लावलं, किल्ली खांद्यावरून मागे फेकली. आणि छाती फुगवली. मी! गप्प बसलो! मुद्दाम! मग डोळा मारला.

मॉरीन त्याच्या गळ्यात पडली. अशी रडली की माझ्या ड्रायरखालची बाई ड्रायर वर करून बघायला लागली.

मी जन्मभर लोकांना फसवत आलेय. खोटं कसं असतं ते मला कळतं, कारण माझं दुकानच त्याचं आहे, केस तर वरवर. जास्त सफाईने सांगितलं की ते खोटं असतं. आणि ही सफाई! कुलूप काय, किल्ली काय. मॉरीनच्या डोक्यावरून मला त्याचा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेले होते. मी आयरीनकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. चाळीसच्या वर वर्षं त्याच्याबरोबर राहिली होती ती, तिला कसं कळणार नाही? तिने डोळे पुसले, नाक पुसलं, वाकून माशाची शेपटी उचलली आणि झटकली.

"ह्याला धुवायला हवं," ती मला म्हणाली. "घाण वास येतोय."

तेव्हा मला कळलं की पैज फेडायचीच आहे, आणि फेडताना माझा चेहरा किंचितही हलता कामा नये. मी डगमगले तर मॉरीनला कळेल. पैज फिटली तर तो जिंकला. तो जिंकला तर तो मुद्दामच गप्प बसला होता. बोलता येत नव्हतं तरी त्या माणसाने केवढी मोठी थाप मारली होती, आणि ती टिकवायचं काम त्याने गावातल्या सगळ्यांत बिलंदर बाईला दिलं होतं.

गुड फ्रायडेला रांग चर्चच्या पायऱ्यांवरून खाली कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी चौकात उभी, आत फोममध्ये घामाने भिजलेली आणि पाय बर्फ. गाड्या भोंगे वाजवत होत्या. बसचे ड्रायव्हर, चेटच्या बरोबरचे, काच खाली करून ओरडत होते, "रॉनी, तळायला किती वेळ लागेल तुला?" मी माशाचे पंख हलवत होते. माशाच्या तोंडाला जाळी आहे, तिथून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही, हे बरं होतं.

मग तळघरात उतरले. तेलाचा धूर, कोबीचा वास, लांबच लांब टेबलं, ताटांचा आवाज. नंबर फादर टॅड पुकारत होते. "एकशे चार. मासा एक." कुणी हसत नव्हतं. मासा दारात दिसल्यावर एक टेबल हसलं, मग दुसरं, मग ज्यांना पैज माहीत होती त्यांनी शेजाऱ्यांना ढोसलं, आणि हसू अर्ध्यात विझत गेलं. काउंटरमागे मॉरीन वाढत होती. पहिल्यांदाच आली होती. मी बुधवारी तिचे केस रंगवून दिले होते. चेट पहिल्या टेबलाशी, आयरीनच्या शेजारी, टाय लावून. त्याच्या ताटातल्या माशाचे बारीक तुकडे तिने करून ठेवले होते.

फादरनी माइक माझ्या पंखात दिला आणि बाजूला झाले. शिट्टी वाजली माइकची.

"मी वेरोनिका सोबचाक," मी म्हटलं. "मी पैज हरले. रीतसर. पंचांनी निकाल दिलाय." मी काउंटरकडे वळले. मॉरीनने हातातला वाढायचा डाव वर केला. "म्हणून मी सांगते, सगळ्यांनी ऐका. चेट पिलार्स्कीला तोंड बंद ठेवता येतं."

कुणी हललं नाही. तळणीतलं तेल चरचरत होतं तेवढंच.

चेटने कानामागे हात धरला. ऐकू नाही आलं.

"चेट पिलार्स्कीला," मी मोठ्याने म्हटलं, "तोंड बंद ठेवता येतं!"

मागच्या टेबलावरचे बसवाले टेबलं वाजवायला लागले. चेट हसत होता. खुर्चीवर मागे रेलून, मिशा फेंदारून, मारलेल्या बाजीवर हसतात तसा. आयरीन ताटात बघत होती. तिने टेबलाखाली त्याचा हात धरला होता, इतका घट्ट की तिची बोटं पांढरी झाली होती. मॉरीनही हसत होती, डोळे पुसत हसत होती, अगदी खरं, आणि मला तिसऱ्यांदाचं वाक्य उचलेना.

तळघर वाट बघायला लागलं. चेटच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्या जाळीवर आले, थेट आत. त्याने पुन्हा कानामागे हात धरला, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा, टेबलाच्या कडेवर, मला एकटीला दिसेल असा, हळूच वर केला.

मी माइक तोंडाजवळ ओढला आणि ओरडले, रस्त्यावरच्या रांगेलाही ऐकू जाईल असं, "चेट पिलार्स्कीला तोंड बंद ठेवता येतं!"